संगणकीय खेळांची निर्मिती आणि मराठी अक्षर : गेम इंजिन व प्रोग्रामिंग भाषेच्या निवडीची चिकित्सा

प्रश्नाची मांडणी

संगणकीय खेळ तयार करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : कोणते इंजिन घ्यावे आणि कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकावी? त्यास मिळणारी उत्तरेही तितकीच ठरलेली आहेत. त्रिमितीय भव्यता हवी असेल तर अनरियल आणि सी प्लस प्लस. मोबाइलवरील खेळ करावयाचा असेल तर युनिटी आणि सी-शार्प. पैसा खर्चावयाचा नसेल तर गोडो आणि त्याची स्वतःची जीडीस्क्रिप्ट. ही उत्तरे चुकीची नाहीत. मात्र चित्राचा दर्जा, वेग, किंमत, नोकरीची शक्यता या ज्या निकषांवर ती उभी आहेत, त्यांत खेळातील मजकूर कोणत्या लिपीत उमटणार आहे हा निकष क्वचितच आढळतो. ज्या समाजात ही चर्चा घडली त्याची लिपी रोमन होती. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर आपापल्या जागी सुटे उभे राहते, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवलाच नाही. मराठीत तो उद्भवतो आणि तो उपेक्षिल्यास पुढील सर्व निवड पायाशीच कच्ची राहते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गेम इंजिन म्हणजे काय, हे संगणकशास्त्राबाहेरील वाचकांसाठी थोडक्यात सांगणे इष्ट ठरेल. पडद्यावर चित्र काढणे, दोन वस्तू आदळल्या की त्यांची गती बदलणे, आवाज वाजविणे, बोटाचा स्पर्श ओळखणे, अक्षरे लिहिणे ही कामे जवळजवळ प्रत्येक खेळात समान असतात. ती पुन्हापुन्हा करावी लागू नयेत म्हणून तयार ठेवलेली साधनसंहती म्हणजे इंजिन. निर्मात्याने लिहावयाचे ते त्या विशिष्ट खेळाचे नियम. हे नियम कोणत्या भाषेत लिहावयाचे, हे बहुतांशी इंजिनच ठरवून देते. विद्यार्थी आधी भाषा निवडतो आणि मग तिला साजेसे इंजिन शोधतो. प्रत्यक्षातील क्रम याच्या उलट आहे.

जुळाऱ्याचे काम

देवनागरी संगणकावर आणण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात आकारास आलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत विकसित झाले. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे संकेतमानक १९९१ मध्ये स्वीकारले गेले आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली आहे. या मांडणीचे मूलतत्त्व असे की, संगणकाच्या स्मृतीत वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवावेत आणि दाखविताना ते लिपीच्या नियमांनुसार जुळवावेत. 'शिवार' या शब्दात स्मृतीमध्ये 'श' आधी असतो, वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी डावीकडे न्यावी लागते. 'महाराष्ट्र' या शब्दातील शेवटचे जोडाक्षर ष, पाय मोडल्याची खूण, ट, पुन्हा तीच खूण आणि र अशा पाच संकेतांतून सिद्ध होते.

जुन्या मुद्रणालयांत हे काम खिळे जुळविणारा जुळारी करीत असे. कोणता खिळा अर्धा घ्यावयाचा, रफार कोठे बसवावयाचा, हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. संगणकात हीच भूमिका अक्षरजुळणी करणारा एक स्वतंत्र घटक पार पाडतो. त्यांपैकी मुक्त आणि सर्वाधिक प्रचलित घटकाचे नाव 'हार्फबझ'. फारसीतील 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज़' म्हणजे खुले, या दोन शब्दांवरून ते घेतले आहे. शब्दलेखनाच्या आणि महाजालावर वावरण्याच्या साधनांत असे जुळारी दीर्घकाळ काम करीत असल्याने सर्वसामान्य वापरकर्त्यास त्यांचे अस्तित्वही जाणवत नाही.

गेम इंजिन या बाबतीत मागे राहिले, त्यास तांत्रिक कारण आहे. खेळात पडदा सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने रंगवावा लागतो. त्यामुळे इंजिन मजकुरासाठी संगणकाच्या मूळ प्रणालीवर विसंबत नाही. फॉण्टमधील अक्षरांची चित्रे एका तक्त्यावर काढून ठेवते आणि संकेतागणिक एक चित्र उचलून ओळीत मांडते. रोमन लिपीस एवढे पुरते. देवनागरीत याच पद्धतीने वेलांटी चुकीच्या बाजूस लोंबते, जोडाक्षराचे पाय मोडलेले तुकडे होतात आणि रफार कोठेच दिसत नाही. 'महाराष्ट्र' हे नावच 'महाराष्‌ट्‌र' असे विस्कटते.

तीन इंजिने, एक कसोटी

या कसोटीवर तीन प्रमुख इंजिनांची तुलना केली असता जे चित्र दिसते ते प्रचलित क्रमवारीपेक्षा वेगळे आहे.

युनिटी २००५ मध्ये बाजारात आले आणि मोबाइलवरील खेळांच्या क्षेत्रात त्याने मोठे स्थान मिळविले. मात्र त्यातील 'टेक्स्टमेशप्रो' ही वर्षानुवर्षे प्रचलित असलेली मजकूरव्यवस्था देवनागरीची संपूर्ण जुळणी स्वतःहून करीत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या 'युनिटी ६' या आवृत्तीत हार्फबझवर आधारलेली नवी मजकूरव्यवस्था दाखल झाली. तत्पूर्वीच्या काळात भारतीय निर्मात्यांनी जे मार्ग काढले त्यांपैकी एक मार्ग महाविद्यालयीन वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे : युनिकोड मजकुराचे रूपांतर कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टच्या संकेतांत करावयाचे आणि रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवावयाचे. कृतिदेवात किंवा श्री-लिपीत टंकलिखित केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडताच रोमन चिन्हांची रांगोळी पाहिलेल्या प्राध्यापकास या उपायाचे दुखणे वेगळे सांगावयास नको. दुसरा मार्ग मजकुराचे चित्र करून चिकटविण्याचा. त्यात खेळाडूचे नाव, बदलता गुणांक, नवा संवाद यांपैकी काहीही सहजासहजी लिहिता येत नाही.

अनरियलमध्ये संपूर्ण अक्षरजुळणीची सोय अनेक वर्षांपासून आहे. त्याची अडचण अन्यत्र आहे. हे इंजिन साठवणुकीत अनेक गिगाबाइट जागा घेते, त्यास सामर्थ्यवान चित्रप्रक्रियक आणि भरपूर स्मृती लागते.

गोडोची कथा अधिक उद्बोधक आहे. सॅम्युएल बेकेटच्या नाटकावरून ज्याचे नाव घेतले गेले, असे हे अर्जेंटिनातील दोघा प्रोग्रामरांनी घडविलेले इंजिन २०१४ मध्ये मुक्त झाले. त्याच्या तिसऱ्या मालिकेपर्यंत देवनागरीची अवस्था दयनीय होती. मार्च २०२३ मधील चौथ्या आवृत्तीत मजकूरव्यवस्था मुळापासून नव्याने लिहिली गेली आणि त्यात हार्फबझ अंतर्भूत झाले. ज्यांच्यासाठी बेकेटची प्रतीक्षा न संपणारी ठरली त्यांच्यापेक्षा मराठी निर्माते सुदैवी म्हणावयाचे. परंतु येथेही सावधानता हवी. संवाद एकेक अक्षराने उमटत जावा, हा खेळांतील नेहमीचा परिणाम गोडोत साधताना मूळ मांडणी अक्षरजुळणीपूर्वीचे संकेत मोजते. परिणामी 'क्षण' उमटताना आधी 'क', मग 'क्', मग 'क्ष' असे अक्षर डोळ्यांदेखत रूप पालटते. जुळणीनंतरचे घटक मोजण्याचा पर्याय इंजिनात उपलब्ध आहे. तो असतो हे ठाऊक असावे लागते.

याखेरीज 'ल' आणि 'श' यांचा मुद्दा उरतो. या दोन्ही वर्णांची मराठी रूपे हिंदीतील रूपांहून भिन्न असून राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठी रूपेच प्रमाण ठरविली. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही रूपांस संकेत एकच. फॉण्टात मराठी रूपे अंतर्भूत असतील आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे इंजिनाने फॉण्टास कळविले, तरच ती दिसतात. गोडोत मजकुराच्या प्रत्येक घटकास भाषा नेमून देता येते.

अक्षर म्हणजे किती?

येथवर प्रश्न दिसण्याचा होता. प्रोग्रामिंग भाषेचा विचार करू लागताच तो मोजण्याचा होतो.

'क्षत्रिय' या शब्दात अक्षरे किती, असे पहिलीच्या मुलास विचारले तर ते तीन असे उत्तर देईल. जावा, सी-शार्प, जावास्क्रिप्ट आणि पायथन या भाषांना तोच प्रश्न विचारला असता उत्तर आठ येते; कारण त्या क, पायमोडाची खूण, ष, त, पुन्हा खूण, र, वेलांटी आणि य असे संकेत मोजतात. सी प्लस प्लसमधील साधी अक्षरमाला बाइट मोजते, त्यामुळे युटीएफ-८ पद्धतीत ते उत्तर चोवीस होते. एका शब्दाची अशी तीन उत्तरे असताना शब्दकोडे, भेंड्या, अक्षर ओळखण्याचा खेळ यांचे नियम लिहिणाऱ्याने कोणते ग्राह्य धरावे? भेंड्यांत शेवटचे अक्षर घ्यावयाचे असते. 'नदी' या शब्दाचा शेवटचा संकेत मागितला तर संगणक दीर्घ वेलांटी काढून देईल आणि वेलांटीपासून कोणते गाणे सुरू होत नाही.

युनिकोडने यासाठी 'अक्षरसमूह' मोजण्याचे नियम केले आहेत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपूर्वी त्या नियमांनुसारही जोडाक्षर तुटत असे आणि 'क्षत्रिय'चे उत्तर पाच येई. १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम आला आणि उत्तर तीन झाले. जे मराठी शाळेच्या पाटीवर केव्हापासून ठाऊक होते ते जागतिक मानकात यावयास २०२३ साल उजाडले. सी-शार्पमधील 'स्ट्रिंगइन्फो', जावास्क्रिप्टमधील 'सेगमेंटर', गोडोच्या मजकूरव्यवस्थेतील विभाजनाची सोय ही साधने हे काम करू शकतात. कोणती आवृत्ती नव्या नियमांवर चालते हे प्रत्यक्ष चाचणी घेऊनच ठरवावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकास या मोजणीचे महत्त्व अधिक उमगेल. मोठ्या अभंगाच्या चरणांची सहा, सहा, सहा, चार ही रचना अक्षरसंख्येवर उभी आहे. विद्यार्थ्याने रचलेला चरण छंदात बसतो की नाही हे सांगणारा खेळ एखाद्या मराठी विभागास करावासा वाटला, तर त्याचा गाभा म्हणजे अक्षर मोजणारी दहा-वीस ओळींची आज्ञावली. त्या ओळी चुकल्या तर चित्रे कितीही देखणी असोत, तो खेळ निर्दोष चरणास सदोष ठरवील. अक्षरगणवृत्तांकडे वळल्यास लघुगुरूंचाही हिशेब येतो आणि जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर आघातामुळे गुरू होते हा नियम आज्ञावलीत उतरवावा लागतो. अशा खेळासाठी त्रिमितीय इंजिनाची चर्चा करणे अस्थानी आहे. महाजालावर चालणारे साधे पान आणि जावास्क्रिप्ट एवढ्यावर तो उत्तम होईल, कारण तेथील जुळारी मुळातच चांगला आहे. इंजिनच न घेणे हीदेखील एक निवड आहे, हे इंजिनांच्या चर्चेत सहसा कोणी बोलत नाही.

किंमत आणि आयुष्य

'फुकट' या शब्दाने विद्यार्थी आकर्षित होतो, म्हणून परवान्याच्या अटी पाहणे अगत्याचे आहे. अनरियल एखाद्या खेळाचे एकूण उत्पन्न दहा लाख डॉलरच्या वर गेल्यावर ५ टक्के स्वामित्वधन घेते. लहान निर्मात्यास ती मर्यादा ओलांडण्याची चिंता क्वचितच असेल. युनिटीने १२ सप्टेंबर २०२३ रोजी निराळी अट जाहीर केली. उत्पन्नाची आणि स्थापनांची ठराविक मर्यादा ओलांडल्यावर १ जानेवारी २०२४ पासून खेळाच्या प्रत्येक नव्या स्थापनेमागे, कमाल वीस सेंटपर्यंत शुल्क आकारले जाणार होते. निर्मात्यांच्या निषेधानंतर काही दिवसांत अटी सौम्य करण्यात आल्या, पुढच्याच महिन्यात कंपनीच्या प्रमुखाने पद सोडले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये खेळांवरील हे शुल्क मागे घेण्यात आले. शुल्क गेले, तथापि अर्ध्यावर आलेल्या खेळाची अट मधेच बदलू शकते हे निर्मात्यांना कळून चुकले. गोडो एमआयटी परवान्याखाली असल्याने घेतलेली आवृत्ती कोणी परत मागू शकत नाही.

भाषांचेही आयुष्य असते. युनिटीत एके काळी सी-शार्पच्या जोडीस बू आणि युनिटीस्क्रिप्ट या भाषा होत्या; त्या टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आल्या. फ्लॅशची साथ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली आणि ॲक्शनस्क्रिप्टमध्ये लिहिलेले असंख्य खेळ एका रात्रीत निरुपयोगी झाले. मुंबईतील इंडियागेम्सने ज्या काळात मोबाइलवरील खेळांचा व्यवसाय उभारला, त्या काळचे जावाचे लघुरूप आज कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. या पार्श्वभूमीवर 'सर्वांत चांगली भाषा कोणती' हा प्रश्न फारसा फलदायी ठरत नाही. नागपूर विद्यापीठाच्या संगणक अभ्यासक्रमांतून सी, सी प्लस प्लस, जावा यांची ओळख झालेल्या विद्यार्थ्यास सी-शार्प किंवा जीडीस्क्रिप्ट आत्मसात करण्यास फार काळ लागत नाही. अक्षरमाला म्हणजे नेमके काय, हे मात्र त्यास सहसा कोणत्याच भाषेच्या तासाला शिकविले जात नाही.

पुण्याचे उदाहरण

इंजिन समर्थ असले की मराठी किंवा अन्य भारतीय भाषा आपोआप येते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा २०२० मधील खेळ येथे विचारात घेण्यासारखा आहे. अनरियल इंजिनावर घडविलेल्या या खेळाची नायिका, दैवते, वास्तू, शस्त्रे सारी भारतीय परंपरेतून घेतलेली आहेत. भिंतींवरील चित्रे, राजस्थानी वास्तुशैलीचे प्रांगण, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकणारे निवेदन यांमुळे तो जगभर नावाजला गेला. त्या वर्षीच्या 'गेम ॲवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या गटात त्यास नामांकनही मिळाले. असे असूनही दुर्गा आणि विष्णू प्रथम बोलले ते इंग्रजीत; हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. इंजिनाची येथे कोणतीही आडकाठी नव्हती. विकत घेणारा ग्राहक परदेशात असेल तर भाषाही त्याची, हा बाजाराचा न्याय आहे आणि छोट्या संस्थेने तो मानला यात तिचा दोष काढता येत नाही. खेळाची दृश्यसृष्टी एवढ्या निगुतीने घडविणाऱ्यांनाही वाणीच्या बाबतीत थांबावे लागले, ही मात्र नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

लाखनीच्या संदर्भात

पुण्यातील संस्थेस जागतिक बाजार पाहावा लागतो. महाविद्यालयास तो पाहावा लागत नाही, ही त्याची खरी मोकळीक आहे. लाखनी हे भंडारा आणि साकोली यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेले तालुक्याचे गाव. आसपास धानाची शेती, मालगुजारी तलाव, हिवाळ्यात रंगणारी झाडीपट्टीची नाटके आणि दंडार. यांपैकी कोणताही विषय खेळासाठी पुरेसा समृद्ध आहे. तलावाच्या पाण्याची वाटणी हा तर मुळातच नियमांचा खेळ आहे. मात्र त्यातील पात्रे इंग्रजीत बोलू लागली, किंवा मराठी नीट उमटत नाही म्हणून संवादच गाळले गेले, तर तो तलाव कोठलाही तलाव ठरेल.

अशा ठिकाणी गोडोचे पारडे जड होते ते विचारसरणीमुळे नव्हे, तर सोयीमुळे. त्याचा संपादक शे-दीडशे मेगाबाइटच्या आत उतरवून घेता येतो, स्थापनेची गरज नसते आणि साध्या चित्रणाची निवड केल्यास मध्यम वयाच्या संगणकावरही तो चालतो. ज्याच्याकडे संगणक नाही अशा विद्यार्थ्यास अँड्रॉइड मोबाइलवरही त्याचा संपादक उघडता येतो. लहान पडद्यावर ते काम कष्टाचे आहे, तरी अशक्य नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. उद्योगात आजही युनिटी व अनरियल जाणणाऱ्यांस अधिक मागणी आहे आणि जीडीस्क्रिप्ट त्या इंजिनाबाहेर कोठे चालत नाही. नोकरीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षी सी-शार्पकडे वळावे हे योग्यच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स आदी क्षेत्रांच्या धोरणास मान्यता दिली असून त्यामुळे असे अभ्यासक्रम वाढतील असे दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन निर्णयांची गाठ प्रयोगशाळेतील निवडीच्या टेबलावर पडावयास हवी; खरेदीच्या दरपत्रकात चित्रप्रक्रियकाचा रकाना असतो, देवनागरीचा नसतो.

तो रकाना भरणे अवघड नाही. कोणतेही इंजिन स्वीकारण्यापूर्वी त्यात 'शिवार', 'महाराष्ट्र', 'त्र्यंबक', 'ज्ञान', 'कृष्ण' हे शब्द लिहून पाहावेत. त्यांच्या जोडीस 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही मराठीच्या प्रत्येक अध्यापकास ठाऊक असलेली जोडी द्यावी. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा र, आणि अर्थात गुरुवर्य व स्वयंपाकी एवढे अंतर. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी टंकलिखित होऊ शकतो. डोळ्यास दोन्ही रूपे सारखी, आज्ञावलीस भिन्न. म्हणून शब्दखेळात खेळाडूने दिलेले बिनचूक उत्तर केवळ त्याचा कळफलक वेगळा असल्याने चूक ठरू शकते. उत्तर ताडून पाहण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणणे हा त्यावरचा उपाय असून तो एका ओळीत लिहिता येतो. ही तपासणी संगणक विभागाने एकट्याने करू नये. जोडाक्षर तुटले किंवा रफार भलत्या अक्षरावर बसला तरी इंजिन कोणतीही त्रुटी नोंदवीत नाही, आज्ञावली निर्वेध चालू राहते. ती चूक ओळखू शकेल असा तज्ज्ञ त्याच इमारतीत, मराठी विभागात बसलेला असतो.